बोनेटवर ठेवलेला हात

गाडी थंड असली की एका किल्लीत चालू व्हायची. सकाळी दार उघडून बसलं, चोक ओढला, किल्ली फिरवली की इंजिन लगेच बोलायचं. तक्रार सुरू व्हायची ती दुपारी. गारखेड्याहून निघून क्रांती चौकापर्यंत जायचं, तिथं दहा-पंधरा मिनिटांचं काम उरकायचं आणि परत येऊन किल्ली फिरवली की सेल्फ नुसता घरघरत राहायचा. पुन्हा मारा, पुन्हा घरघर. मग बोनेट उघडं टाकून बाजूच्या दुकानाच्या सावलीत पाऊण तास उभं राहायचं. पाऊण तासानं तीच गाडी, कुणी काहीही न करता, पहिल्या किल्लीत चालू.

ज्यांनी जुन्या गाड्या वापरल्या त्यांना हे दुखणं माहीत आहे. त्याची कारणं सात-आठ असतात आणि बाहेरून सगळी सारखीच दिसतात. एका उन्हाळ्यात माझ्या गाडीला हे दुखणं लागलं त्याचं खरं कारण काय होतं, ते सांगायला मी बसलो आहे. ते कारण मला तेव्हाच माहीत होतं. ज्याला सांगायला हवं होतं त्याला मी ते सांगितलं नाही, आणि त्यामुळे एका चांगल्या मिस्त्रीचं नाव गेलं. आज मी ब्याऐंशी वर्षांचा आहे. ही गोष्ट माझ्याशिवाय नीट सांगू शकेल असं आता कुणी उरलेलं नाही.

मी नगररचनेच्या कचेरीत आरेखक होतो. शहर तेव्हा औरंगाबाद होतं आणि चारी बाजूंनी वाढत होतं. ज्या जमिनीत आदल्या वर्षी ज्वारी उभी होती, तिथं पुढच्या वर्षी माझ्या टेबलावर प्लॉटच्या रेघा पडायच्या. आमच्या घराण्यात आजोबांपर्यंत भिक्षुकी होती, वडील कारकून झाले, आणि मी घरातला पहिला, ज्यानं गाडी घेतली. गाडी जुनीच होती. त्या वेळी रस्त्यावर दोनच जातीच्या गाड्या दिसायच्या. त्यातली ही गोल पाठीची, पांढरी. एका निवृत्त वनाधिकाऱ्याकडून मी ती घेतली तेव्हाच ती पंधरा वर्षांची होती.

क्रांती चौकाच्या अलीकडे एका मोकळ्या जागेत, लिंबाच्या झाडाखाली, मिस्त्रीचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक लाकडी खोकं आणि पाण्याचा माठ. माझ्याहून तो चार-पाच वर्षांनी लहान असेल. मूळचा सोयगावकडचा. वडिलांनी त्यांच्या वस्तीबरोबर बौद्ध धर्म घेतला, तेव्हा हा आठ-नऊ वर्षांचा होता असं तो सांगायचा. शाळा सातवीपर्यंत झाली, पण इंजिनाचा आवाज ऐकून त्यात काय कमी आहे ते सांगणारा तसा माणूस मी नंतर पाहिला नाही.

त्याची एक रीत होती. नवी गाडी असो की ओळखीची, हात लावायच्या आधी तो मालकाला म्हणायचा, "बोनेटवर हात ठेवा साहेब, आन् खरं सांगा. शेवटचं कुणी खोललं?"

लोक हसायचे. कुणी म्हणायचं, कोर्ट आहे का हे. तो म्हणायचा, "डॉक्टर इचारतो काय खाल्लं. मी इचारतो कुणी खोललं. माझ्याकडं मशीन नाय तपासायला. मालकाचं तोंड हीच माझी मशीन." आणि खरोखरच मालकानं बोनेटवर हात ठेवून सांगितल्याशिवाय तो पाना उचलत नसे. एकदा एका वकिलानं ऐकलं नाही, तर मिस्त्रीनं त्याची गाडी तशीच परत पाठवली. मालक जे सांगेल ते तो खरं धरायचा आणि त्याच्यावर पुढचं सगळं उभारायचा. मला ही रीत फार आवडायची. मी ती कचेरीतल्या लोकांना कौतुकानं सांगायचो. त्याच्या गॅरेजची पाटीसुद्धा मीच रंगवून दिली होती, निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं. आम्हा आरेखकांचं अक्षर छापल्यासारखं असतं. त्या पाटीकडे बघून लोक विचारायचे, कुणाकडून करून घेतली म्हणून. मिस्त्री म्हणायचा, "आपले साहेब हायेत."

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष होतं. गारखेड्यात आमच्या घरी बोअर होती, तिला अजून पाणी होतं. मिस्त्री राहायचा त्या वस्तीत टँकर यायचा, तोही तिसऱ्या-चौथ्या दिवशी. त्याची बायको दुपारी भाकरी घेऊन गॅरेजवर यायची आणि येताना डोक्यावर पाण्याची कळशी असायची. माठ त्या कळशीनं भरायचा.

शहराबाहेर तेव्हा एक नवा कारखाना उभा राहत होता. कामगारांना आणायला बसगाड्या होत्या, जीप होत्या, आणि त्या सगळ्यांसाठी एक मुख्य मिस्त्री हवा होता. त्या जागेबरोबर राहायला खोल्या मिळणार होत्या. त्या खोल्यांचा नकाशा मंजुरीसाठी आमच्या कचेरीत आला होता आणि त्याची नक्कल मीच काढली होती. बारा घरांची एक ओळ, आणि प्रत्येक घराच्या मोरीत नळ. नळाच्या जागी मी निळा ठिपका दिला होता. बारा ठिपके.

हे मी गॅरेजवर सहज बोलून गेलो. मिस्त्रीची बायको तिथंच भाकरीचं फडकं सोडत बसली होती. तिनं मान वर केली.

"घरात नळ?" ती म्हणाली. "आतमधी?"

"आतमध्ये," मी म्हणालो.

ती नवऱ्याकडे बघून म्हणाली, "ऐकलं का? तुमी मिस्त्री हायेत का हमाल? जावा की मग तिकडं."

मिस्त्री हसला. पण संध्याकाळी मी गाडीत बसताना तो खिडकीशी आला. "साहेब, त्या कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांची तुमची वळख हाय. माझ्यासाठी एक शब्द टाका. हिची कळशी तरी उतरल डोक्यावरली."

मी म्हणालो, "टाकतो. नक्की टाकतो." आणि मला तो टाकायचाही होता. हे मी आज स्वतःला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. तेव्हा तसं होतं.

होळी झाली आणि मिस्त्री आठ दिवसांसाठी सोयगावला गेला. गावाकडची विहीर आटली होती, म्हाताऱ्या आईला इकडे आणायचं होतं. जाताना तो म्हणाला होता, "गाडी जराशी आचके देतीय. धूळ अडकली आसंल कारबेटरात. मी आलो की बघतो. तवर हात लावू नका."

हात लावू नका. या तीन शब्दांनी मला का डिवचलं, याचा विचार मी पुढे बरीच वर्षं केला. बाहेरून कारण साधं दिसतं: रविवार होता, मी रिकामा होतो आणि गाडी आचके देत होती. पण आत आणखी एक गोष्ट होती, तीही लिहायला हवी. अख्ख्या शहराचे रस्ते मी कागदावर काढत होतो, आणि चार नट खोलायला मला सातवी शिकलेल्या मिस्त्रीची परवानगी लागणार होती. आमच्या घरात असं कुणी तोंडानं बोलत नसे. आम्ही सुधारलेले लोक होतो. मिस्त्री घरी आला तर त्याला चहा मिळायचा. तो कप कुठला आणि तो पुन्हा कुठं ठेवला जायचा, हे मी कधी पाहिलं नाही, कारण पाहायचं नव्हतं. त्या रविवारी त्याच घरातला माणूस पाना घेऊन बोनेटखाली वाकला होता.

कार्ब्युरेटर निघाला. त्याच्या आणि इंजिनाच्या मधे एक काळा, बोटभर जाडीचा बेकलाइटचा, जुन्या स्विचच्या कडक प्लास्टिकचा, ठोकळा होता. तो जागेवर चिकटून बसला होता. मी स्क्रूड्रायव्हर घालून उचकटला आणि तो माझ्या हातात तीन तुकडे होऊन आला. मला वाटलं, ही नुसती भर आहे, मधली फट बुजवायला घातलेली. कार्ब्युरेटर साफ केला आणि ठोकळ्याच्या जागी बसवायला एका जुन्या नकाशाचा जाड पुठ्ठा घेतला. ठोकळ्याचे तुकडे जुळवून त्याचा आकार पुठ्ठ्यावर उमटवला, कंपासनं भोकं आखली आणि ब्लेडनं कापला. असा सुबक कापला की बायकोला बोलावून दाखवला. ठोकळा गेल्यामुळे बोल्ट लांब पडत होते, म्हणून प्रत्येक नटाखाली दोन-दोन वायसरच्या चकत्या घातल्या. तुकडे कचऱ्यात टाकले. गाडी एका किल्लीत चालू झाली, आचके थांबले, आणि मी त्या दिवशी फार खूश होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती क्रांती चौकात बंद पडली.

मिस्त्री परतला त्या सकाळी मी गाडी त्याच्याकडे नेली. येताना ती गरम झालीच होती. त्यानं नेहमीप्रमाणे म्हटलं, "ठेवा हात."

मी ठेवला. पत्रा चटका देत होता.

"शेवटचं कुणी खोललं?"

"तूच. दिवाळीत," मी म्हणालो.

"मधी कुणी नाय?"

"नाही."

एवढंच. खोटं बोलण्याआधी माणूस विचार करतो, मनात काही आखतो, असं लोकांना वाटतं. माझं तसं काही झालं नाही. त्यानं हात लावू नका म्हटलं होतं आणि मी लावला होता, ठोकळा मोडला होता, आणि ते त्याच्यासमोर कबूल करायचं नव्हतं. शिवाय आता काय झालंय ते तो शोधेलच, असंही वाटलं. पण तो ते शोधू शकणार नव्हता. कार्ब्युरेटर आणि तो ठोकळा दिवाळीत त्यानं स्वतःच्या हातानं बसवला होता, आणि मी त्याला सांगितलं होतं की त्यानंतर तिथं कुणाचा हात लागलेला नाही. म्हणजे ती एक जागा सोडून त्यानं बाकी सगळीकडे शोधायचं, असं मीच त्याला सांगितलं होतं.

आणि त्यानं शोधलं. आधी करंट पाहिला. गाडी गरम करून, बंद पडू देऊन, प्लग काढून बघितला. ठिणगी निळी पडत होती. तरी त्यानं कंडेन्सर बदलला, कारण गरम झाल्यावर दगा देणाऱ्यांत तो पहिला. मग कॉइल बदलून पाहिली. मग पेट्रोलच्या पंपाचा पडदा बदलला. मग त्याला वाटलं, उन्हानं पेट्रोलची नळीतच वाफ होतेय आणि पंप नुसती वाफ ओढतोय. त्याचा जुना इलाज म्हणजे ओलं फडकं. पंपावर आणि नळीवर ओली चिंधी गुंडाळायची, ती सुकली की पुन्हा भिजवायची. फडकं गार असलं की गाडी कधी लवकर चालू व्हायची, कधी नाही. थोडा फरक पडत होता, पण रोग जात नव्हता, आणि त्या थोड्या फरकानं तो आणखी फसत होता.

पाणी त्याच माठातलं. एक दिवस त्याच्या बायकोनं कळशी खाली ठेवली आणि माठात डोकावून पाहिलं. तळ दिसत होता. बाजूला मिस्त्री चिंध्या पिळत बसला होता.

"साहेब," ती मला म्हणाली, "तुमच्या गाडीला आमच्यापरीस लई तहान लागती."

मी हसलो. आमच्या घरी बोअर होती. डिकीत दोन कॅन टाकून आणणं मला अवघड नव्हतं. ते मला सुचलं नाही असं नाही. सुचलं, आणि मग वाटलं की एकदा पाणी आणलं की हे आणखी लांबेल, रोज आणावं लागेल, बायको विचारेल. म्हणून आणलं नाही.

आणखी एक दिवस आठवतो. गाडी बंद पडली होती आणि मिस्त्री बोनेटखाली वाकून, कार्ब्युरेटरला न लावता, त्याच्या खाली तळवा धरून उभा होता. कितीतरी वेळ. मग म्हणाला, "साहेब, ऊब खालून चढतीय. इंजिनाची धग सरळ कारबेटराला लागतीय. वाटीतलं पेट्रोल उकळून आत सांडत आसंल, म्हणून गाडी जादा पेट्रोलनं भरून बसती." मग त्यानं मान हलवली. "पण कसं? मधी माझा ठोकळा हाय. तो त्याच्यासाठीच अस्तो. धग वर जाऊ देत नाय."

तेव्हा मला कळलं की ठोकळा कशासाठी होता. ती फट बुजवायची भर नव्हती. पुठ्ठ्यातून धग आरपार जात होती. त्याचं निदान बरोबर होतं, फक्त माझ्या एका शब्दावर येऊन ते अडत होतं. मी तीन फुटांवर उभा होतो. 'मिस्त्री, तो ठोकळा मी मोडला,' एवढं वाक्य. मी घड्याळात पाहिलं आणि म्हणालो, कचेरीला उशीर होतोय.

त्याच आठवड्यात कारखान्याचे मॅनेजर नकाशाच्या कामासाठी कचेरीत आले. दुपारी त्यांना चौकातल्या बँकेत जायचं होतं. त्यांची जीप आली नव्हती. मी म्हणालो, चला, सोडतो. मनात हेही होतं की वाटेत मिस्त्रीचा विषय काढायचा. काढलाही. म्हणालो, एक फार हुशार माणूस आहे, तुमच्या जागेसाठी. ते म्हणाले, वा, मला भेटवा. बँकेतलं काम दहा मिनिटांत झालं. ते बाहेर येऊन गाडीत बसले, मी किल्ली फिरवली, आणि सेल्फ घरघरला.

चैत्राचं ऊन. गाडीच्या टपावर हात ठेववत नव्हता. दोन-तीनदा मारून पाहिलं. मग आम्ही दोघं सावलीत उभे राहिलो. दोन रिक्षावाल्यांनी ढकलून पाहिलं, तरी नाही. मॅनेजर घाम पुसत होते. त्यांनी विचारलं, "कोण बघतं ही गाडी? तुम्ही म्हणालात तोच का?"

"तोच," मी म्हणालो.

"किती दिवस झाले?"

"महिना होत आला."

"महिन्यात सापडत नाही?" ते म्हणाले. "मग कसा हो हुशार?"

मला वाटतं, माणसाच्या आयुष्यात अशी दोन-तीनच वाक्यं असतात, ज्यांच्यावर पुढचं बरंच काही टेकलेलं असतं. मी मिस्त्रीचं नाव घेऊन म्हणालो, "हात चांगला आहे त्याचा. पण निदान जमत नाही."

समंजस, तोलून बोललेलं वाक्य. त्यात शिवी नाही, आरोप नाही. मॅनेजर "हं" म्हणाले. शेजारी बँकेचे एक अधिकारी उभे होते, पानाच्या दुकानावर ओळखीचे दोघं-तिघं गाडीवालेही होते. सगळ्यांनी ऐकलं.

त्यानंतर चार दिवसांनी मी गाडी आणायला गेलो. मिस्त्रीनं आदल्या दिवशी निरोप पाठवला होता, गाडी ठेवून घेतलीय, उद्या या. मी गेलो तेव्हा इंजिन चालू होतं. अर्धा तास चालू ठेवलं होतं म्हणे. त्यानं ते बंद केलं, आम्ही पंधरा मिनिटं बसलो, मग त्यानं मला किल्ली दिली. पहिल्या किल्लीत चालू झालं.

"काय होतं?" मी विचारलं.

त्यानं सरळ उत्तर दिलं नाही. म्हणाला, "मला वाटलं, आपलंच चुकलं आसंल. दिवाळीत मीच काहीतरी उलटं बसवलं आसंल. म्हणून माझंच काम मी खोललं." मग खिशातून त्यानं पुठ्ठा काढला. पेट्रोलनं काळवंडलेला, पण कडा अजून सुरेख. त्याच्या एका कोपऱ्यावर नकाशाचं अक्षर आलं होतं, 'रस्ता' या शब्दाचा अर्धा भाग. डोक्यावर निळ्या पत्र्याची पाटी होती. दोन्हीकडे अक्षर एकच होतं, ते वाचायला सातवीसुद्धा लागत नव्हती.

"ठेवा हात," तो म्हणाला.

मी ठेवला.

"कुणी खोललं व्हतं साहेब?"

त्यानं मला दुसऱ्यांदा विचारलं होतं. आवाजात राग नव्हता; वाट मोकळी करून दिल्यासारखा होता. मी खरं सांगितलं असतं तर तो बहुधा हसला असता, एखादा टोमणा मारला असता आणि चहा मागवला असता. आणि मी त्याच संध्याकाळी कारखान्यात जाऊन माझं वाक्य परत घेऊ शकलो असतो. जागा अजून भरली नव्हती.

मी म्हणालो, "आधीच्या मालकाचं काम असेल."

"व्हय," तो म्हणाला. "आसंल." पुठ्ठा त्यानं पुढच्या सीटसमोरच्या खणात ठेवला आणि खण लावून घेतला. ठोकळ्याच्या जागी काय घातलं ते मी विचारलं नाही. पुढे कळलं की जुन्या स्विचबोर्डाचा जाड बेकलाइट घेऊन त्यानं दोन दिवस कानशीनं घासून नवा ठोकळा केला होता.

जागेवर बाहेरगावचा माणूस घेतला गेला. त्याला खोल्या मिळाल्या. माझं वाक्य मात्र चौकात राहून गेलं. बँकेचे अधिकारी ते कुणाला बोलले, गाडीवाले कुणाला. वर्षभरानं माझ्याच कचेरीतल्या एकानं मला सांगितलं, "त्या लिंबाखालच्या मिस्त्रीकडे नको बरं का टाकू गाडी. हात चांगला आहे, पण निदान जमत नाही त्याचं." माझेच शब्द, माझ्याच क्रमानं. मी म्हणालो, "असं?"

मीही त्याच्याकडे जाणं कमी केलं. तसं कारणही राहिलं नव्हतं. गाडी बिघडतच नव्हती. लिंबाखालच्या गाड्या पाचावरून दोनावर आल्या, मग नुसत्या स्कूटर आल्या. चौक रुंद झाला तेव्हा ती जागा रस्त्यात गेली. तो रस्ता कागदावर ज्यांनी आखला त्यांत मी होतो. मिस्त्री बायको आणि आईला घेऊन सोयगावला परत गेला. पाटी घेऊन गेला की टाकून, हे मला माहीत नाही. निरोप घ्यायला तो आला नाही आणि मीही गेलो नाही.

गाडी मी विकली नाही. घरात सगळे म्हणायचे, काढून टाका. हल्ली जुन्या गाड्यांची हौस असलेले लोक येतात, बोनेट उघडतात आणि विचारतात, गरम झाल्यावर त्रास नाही देत? सगळ्यांच्या गाड्या देतात. मी म्हणतो, नाही. एकानं वाकून तो ठोकळा पाहिला आणि म्हणाला, हे मूळचं नाही, कुणीतरी हातानं केलंय, पण काय केलंय! कुणी केलंय, त्यानं विचारलं. मी सांगितलं, होता एक मिस्त्री. त्या रात्री मला झोप लागली नाही. मग मी सोयगावला माणसाकरवी चौकशी केली. मिस्त्री चार वर्षांपूर्वी गेला होता. बायको होती.

गेल्या वैशाखात एक ड्रायव्हर घेऊन मी त्याच गाडीतून गेलो. पुन्हा पाणी कमी असलेलं वर्ष. सोयगावपुढे वस्तीवर पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. ती दारातच भाजी निवडत बसली होती. डोळ्यांवर हात धरून तिनं आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"गाडी वळखली," ती म्हणाली. "तुमी म्हातारे झाले साहेब."

तिनं पाणी दिलं. मी फुलपात्र हातात घेऊन तसाच उभा राहिलो, तर म्हणाली, "प्या की. आता नळ हाय दारात. दोन वर्सं झाली येऊन."

मी प्यालो. आणि म्हणालो, "वहिनी, मला काही सांगायचंय. त्या ठोकळ्याचं."

तिनं मला हातानं थांबवलं. "इथं नगं. त्यांच्या रीतीनं सांगा."

मी गाडीपाशी गेलो. शंभरेक किलोमीटर येऊन बोनेट भट्टीसारखं झालं होतं. हात ठेवला. शेवटचं कुणी खोललं ते सांगितलं. ठोकळा कसा मोडला, पुठ्ठा कसा कापला, चौकात मॅनेजरला काय म्हणालो, ते सगळं शब्दाला शब्द सांगितलं. हात काढला तेव्हा तळवा लाल झाला होता. तिनं तो पाहिला. मी खणातून पुठ्ठा काढून तिच्यापुढे धरला.

"ह्यो मी पाहिला हाय," ती म्हणाली. "तुमाला गाडी द्यायच्या आदल्या दिशी घरी आणला व्हता त्यांनी. दिव्याजवळ धरून दावला. म्हनले, बघ, अक्षर कुणाचं हाय. मी म्हनलं, उद्याच्याला इचारा तोंडावर. इचारून आले, तर गप बसले. मी म्हनलं, जा त्या मॅनेजरकडं, पुठ्ठा दावा. तर म्हनले, साहेबाला दोनदा इचारलं. तिसऱ्यांदा दुसऱ्याच्या दारात जाऊन इचारायचं म्हंजे मीच खोटा."

मी म्हणालो, "मी आता काय करू, ते सांगा."

"मला सांगून काय उपेग? मला ठावंच व्हतं." तिनं पुठ्ठा माझ्याच हातात परत दिला. "ज्यांनी ऐकलं, त्यांना सांगा."

"ते मॅनेजर नाहीत आता. चौकातलेही कुणी उरले नाहीत."

"मंग लिहून ठेवा. लिहायचंच काम व्हतं ना तुमचं? पाटी काय झ्याक लिवली व्हती."

मी विचारलं, "नाव घालू का त्यांचं?"

तिनं भाजीची टोपली उचलली. "नाव नगं. मागं नाव घेऊन बोलले, तेवढं पुरं झालं."

म्हणून या लिखाणात नाव नाही. चौकातलं ते वाक्य ज्यांच्या कानावर कुठून तरी आलं असेल, त्यांना कळेल मी कुणाबद्दल बोलतोय. त्याचं निदान बरोबर होतं. कार्ब्युरेटरखाली तळवा धरून त्यानं ते महिन्याभराच्या आत केलं होतं, आणि चूक होती ती मी त्याला दिलेल्या उत्तरात.

ड्रायव्हर गाडीत बसला. इंजिन बंद होऊन अर्धा तासही झाला नव्हता, वरून ऊन, अगदी बिघडायची वेळ. मी त्याला बाजूला सरकायला सांगितलं आणि स्वतः किल्ली फिरवली. पहिल्या किल्लीत चालू झाली. मिस्त्रीची बायको आत निघाली होती, ती उंबऱ्यावर थांबली. मागं वळून पाहिलं नाही, पण गाडी वस्तीच्या वळणावर जाईपर्यंत ती तिथंच, आवाज ऐकत, पाठमोरी उभी होती.